इंजिनाची फायरिंग ऑर्डर: क्रँकशाफ्टपासून स्पार्क प्लगच्या वायरीपर्यंत

चार सिलिंडरच्या बहुतेक मोटारींच्या इंजिनांची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ असते, हे गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या कोणालाही लवकरच पाठ होते आणि पाठ केलेल्या या चार आकड्यांवर वायरी जोडताही येतात. मात्र वायरी जोडूनही इंजिन सुरू झाले नाही, कार्ब्युरेटरमधून भडका आला किंवा समोर अनोळखी इंजिन आले, की हे पाठांतर अपुरे पडते. म्हणून या लेखात हा क्रम मुळात येतो कुठून हे आधी समजून घेऊ आणि मग प्रत्यक्ष इंजिनावर तो कसा शोधायचा, कसा जोडायचा आणि बिघाड झाल्यास कसा तपासायचा ते टप्प्याटप्प्याने पाहू.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावरच उभे आहे. कोणते क्रम शक्य आहेत हे क्रँकशाफ्टचा (पिस्टनांच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा) आकार ठरवतो, त्या शक्य क्रमांपैकी एकाची निवड कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) करते, आणि डिस्ट्रिब्युटर (ठिणगीची वीज आळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग), कॉइल (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारा भाग) किंवा ईसीयू (इंजिनाचा संगणक) यांना तो आधीच ठरलेला क्रम फक्त पाळावा लागतो. वायरींची अदलाबदल केल्याने फायरिंग ऑर्डर बदलत नाही. ठिणगी तेवढी चुकीच्या वेळी पडते.

७२० अंशांचा हिशेब

मोटारीचे इंजिन जवळपास नेहमीच चार स्ट्रोकचे असते. सक्शन स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली जाताना हवा-इंधनाचे मिश्रण आत ओढले जाते, कॉम्प्रेशन स्ट्रोकमध्ये पिस्टन वर येताना ते दाबले जाते, पॉवर स्ट्रोकमध्ये पेटलेले मिश्रण पिस्टनला खाली ढकलते आणि एक्झॉस्ट स्ट्रोकमध्ये जळालेला वायू बाहेर जातो. प्रत्येक स्ट्रोकला क्रँकशाफ्टचा अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश लागतात. चार स्ट्रोकचे मिळून ७२० अंश, म्हणजे दोन पूर्ण फेरे. या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच पेटतो. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरते ते याचमुळे, कारण व्हॉल्व्हही दोन फेऱ्यांत एकदाच उघडायचे असतात.

पॉवर स्ट्रोक ठरावीक आणि समान अंतराने आले तर इंजिन एकसारखे फिरते. हे अंतर काढणे सोपे आहे: ७२० ला सिलिंडरच्या संख्येने भागावे. तीन सिलिंडरला २४० अंश, चारला १८०, पाचला १४४, सहाला १२०, आठला ९० आणि बाराला ६० अंश. चार सिलिंडरच्या इंजिनात एक पॉवर स्ट्रोक संपता संपता दुसरा सुरू होतो. सहा सिलिंडरमध्ये पॉवर स्ट्रोक एकमेकांवर चढलेले असतात आणि तीनमध्ये मात्र दोन पॉवर स्ट्रोकच्या मध्ये ६० अंशांची पोकळी राहते. तीन सिलिंडरचे इंजिन आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, वेगळ्या लयीत चालते, त्याला ही पोकळी बरीचशी जबाबदार असते.

वेळेच्या भाषेत बोलायचे तर मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या गतीला क्रँकशाफ्टचा एक फेरा २० मिलिसेकंदांत होतो. म्हणजे चार सिलिंडरच्या इंजिनात दर १० मिलिसेकंदांनी एक सिलिंडर पेटतो आणि सेकंदाला एकूण १०० वेळा ज्वलन होते. मिश्रण पूर्ण पेटायला थोडा अवधी लागतो, म्हणून ठिणगी पिस्टन टीडीसीला, म्हणजे वरच्या टोकाला पोहोचण्याच्या काही अंश आधीच दिली जाते. यापुढे मी ‘सिलिंडर टीडीसीला पेटतो’ असे लिहीन तेव्हा ही किंचित आघाडी गृहीत धरावी.

१-३-४-२ हाच क्रम का

एका ओळीत चार सिलिंडर असलेल्या इंजिनाची क्रँकशाफ्ट समोर ठेवली, तर तिच्या चार क्रँकपिन (पिस्टनचे दांडे जिथे जोडले जातात त्या खुंट्या) एकाच प्रतलात दिसतात: १ आणि ४ एका बाजूला, २ आणि ३ बरोबर विरुद्ध बाजूला. पहिला आणि चौथा पिस्टन नेहमी एकत्र वर येतात आणि एकत्र खाली जातात. दुसरा आणि तिसरा त्यांच्या उलट हलतात. अशा जोडीतल्या सिलिंडरांना या लेखात जोडीदार सिलिंडर म्हणू.

आता क्रम स्वतःच मांडून पाहू. ० अंशाला पहिला सिलिंडर पेटला. १८० अंशांना पिस्टन वर असतील ते दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे, म्हणून पुढचे ज्वलन या दोघांपैकी एकातच होऊ शकते. ३६० अंशांना पुन्हा १ आणि ४ वर असतात. पहिल्याचे काम होऊन गेलेले असल्याने तिथे चौथाच हवा. ५४० अंशांना २ आणि ३ पैकी जो उरला तो पेटतो. म्हणजे या क्रँकशाफ्टवर समान अंतराचे दोनच क्रम संभवतात: १-३-४-२ आणि १-२-४-३. १-२-३-४ हा क्रम या क्रँकशाफ्टवर बसतच नाही, कारण दुसऱ्यानंतर १८० अंशांनी तिसरा पिस्टन तळाशी असतो.

या दोहोंपैकी कोणता, हे कॅमशाफ्टवरच्या लोबची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांची, मांडणी ठरवते. बहुसंख्य उत्पादकांनी १-३-४-२ घेतला. फोर्डच्या केंट मालिकेतील इंजिनांत १-२-४-३ आढळतो. इंजिनाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच चांगले आहेत, कारण एक क्रम उलट्या दिशेने वाचला की त्याचा दुसरा होतो.

१-३-४-२ या क्रमात प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात चारही सिलिंडर काय करत असतात ते एकदा कागदावर मांडून जवळ ठेवावे. बिघाड शोधताना हा तक्ता फार उपयोगी पडतो.

० ते १८० अंश: १ पॉवर, २ एक्झॉस्ट, ३ कॉम्प्रेशन, ४ सक्शन
१८० ते ३६० अंश: १ एक्झॉस्ट, २ सक्शन, ३ पॉवर, ४ कॉम्प्रेशन
३६० ते ५४० अंश: १ सक्शन, २ कॉम्प्रेशन, ३ एक्झॉस्ट, ४ पॉवर
५४० ते ७२० अंश: १ कॉम्प्रेशन, २ पॉवर, ३ सक्शन, ४ एक्झॉस्ट

शेजारचे सिलिंडर पाठोपाठ पेटू नयेत म्हणून फायरिंग ऑर्डर अशी उलटसुलट ठेवतात, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. मोठ्या इंजिनांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, पण चार सिलिंडरला ते लागू पडत नाही. १-३-४-२ मध्ये ३ नंतर ४ पेटतो आणि २ नंतर पुन्हा १, आणि या दोन्ही जोड्या शेजारच्याच आहेत. १-२-४-३ मध्येही तेच घडते, म्हणून शेजारचे सिलिंडर टाळण्याला इथे मुळात वावच नव्हता.

तीन, पाच, सहा आणि आठ

तीन आणि पाच सिलिंडरच्या इंजिनांत प्रत्येक क्रँकपिन स्वतंत्र कोनात असते, कोणाला जोडीदार नसतो. त्यामुळे समान अंतर हवे असेल तर क्रम पूर्णपणे क्रँकशाफ्टच ठरवते आणि कॅमशाफ्टला निवड उरत नाही. तीन सिलिंडरसाठी १-२-३ किंवा १-३-२ हे क्रम दिसतात, तर आउडी आणि व्होल्व्हो यांच्या पाच सिलिंडरच्या इंजिनांचा क्रम १-२-४-५-३ असतो.

एका ओळीतले सहा सिलिंडर हे माझ्या मते फायरिंग ऑर्डर समजून घेण्यासाठी सर्वांत उत्तम उदाहरण आहे. इथे १ व ६, २ व ५ आणि ३ व ४ अशा तीन जोड्या १२० अंशांच्या अंतराने बसवलेल्या असतात. पहिला सिलिंडर ० अंशाला पेटला की सहावा ३६० अंशांना पेटणार हे पक्के. उरलेल्या दोन जोड्यांत प्रत्येकी आधी कोण आणि नंतर कोण याची मोकळीक राहते, म्हणून एकाच क्रँकशाफ्टवर चार क्रम शक्य होतात: १-५-३-६-२-४, १-५-४-६-२-३, १-२-३-६-५-४ आणि १-२-४-६-५-३. हे चारही क्रम एकेक करून तपासले तर दिसते की पहिला सोडून इतर सर्वांत कुठे ना कुठे शेजारचे सिलिंडर पाठोपाठ येतात. १-५-३-६-२-४ मध्ये ते एकदाही घडत नाही. शिवाय या क्रमात पुढच्या तीन सिलिंडरपैकी एक, मग मागच्या तीनपैकी एक, असे आलटून पालटून ज्वलन होते. त्यामुळे पुढच्या तीन आणि मागच्या तीन सिलिंडरांना वेगळे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दिले, तर प्रत्येक मॅनिफोल्डमध्ये वायूचे झोत २४० अंशांच्या समान अंतराने येतात आणि एका सिलिंडरचा वायू दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. क्रँकशाफ्टवर पडणारे पिळाचे जोरही एकाच टोकाला साचत नाहीत. या प्रकारची जवळजवळ सगळी इंजिने १-५-३-६-२-४ वर चालतात ती या कारणांमुळे.

व्ही आकाराच्या आठ सिलिंडरच्या इंजिनात क्रँकपिन एकमेकींशी ९० अंशांत असतील तर एकूण ज्वलने दर ९० अंशांनीच होतात, परंतु एकाच बाजूच्या चार सिलिंडरांकडे पाहिले तर ती विषम अंतराने होतात. शेव्हरोलेच्या जुन्या स्मॉल ब्लॉक इंजिनाचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ आहे आणि विषम क्रमांकाचे सिलिंडर डाव्या बाजूला आहेत. त्या बाजूची ज्वलने २७०, १८०, ९० आणि १८० अंशांच्या अंतराने येतात. या इंजिनांचा ओळखीचा घरघरता आवाज या विषमतेतून येतो. उलट फेरारीच्या आठ सिलिंडरच्या इंजिनांसारखी सपाट, म्हणजे सगळ्या क्रँकपिन एकाच प्रतलात असलेली, क्रँकशाफ्ट असेल, तर प्रत्येक बाजू चार सिलिंडरच्या साध्या इंजिनासारखी समान अंतराने पेटते आणि आवाज चढा, एकसुरी होतो.

समोरासमोर आडवे सिलिंडर असलेल्या सुबारूच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा क्रम १-३-२-४ आहे. एका बाजूचे दोन आणि मग दुसऱ्या बाजूचे दोन. फोक्सवॅगनच्या हवेने थंड होणाऱ्या बीटल इंजिनाचा १-४-३-२ आणि पोर्श ९११ च्या सहा सिलिंडरचा १-६-२-४-३-५ आहे. हे क्रम एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक उत्पादकाची सिलिंडर मोजण्याची पद्धत वेगळी आहे. प्रत्यक्ष कामाला हात घालण्याआधी नेमकी हीच गोष्ट पक्की करावी लागते.

पहिला टप्पा: एक नंबरचा सिलिंडर कोणता

एका ओळीतल्या इंजिनात बहुधा टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या, म्हणजे पुलीच्या बाजूचा सिलिंडर पहिला धरतात. इंजिन आडवे बसवलेले असेल तरी मोटारीच्या पुढच्या-मागच्या बाजूचा यात संबंध नसतो. पुली कुठे आहे तेच पाहावे. याला ठळक अपवाद रेनॉ आणि प्यूजो-सिट्रोएन यांच्या अनेक इंजिनांचा आहे, ज्यांत फ्लायव्हीलकडचा (पुलीच्या विरुद्ध टोकाच्या जड चाकाकडचा) सिलिंडर पहिला असतो. अशा इंजिनावर पुलीकडून मोजणी केली, तर स्कॅनरने दाखवलेला दोषी सिलिंडर आणि आपण उघडलेला सिलिंडर हे इंजिनाच्या दोन विरुद्ध टोकांना असतात.

व्ही इंजिनांत गोंधळाला आणखी वाव आहे. शेव्हरोले डाव्या बाजूला १-३-५-७ आणि उजव्या बाजूला २-४-६-८ मोजते; फोर्ड उजव्या बाजूला पुढून मागे १ ते ४ आणि डाव्या बाजूला ५ ते ८ मोजते. फोर्डच्या जुन्या ३०२ इंजिनाचा क्रम १-५-४-२-६-३-७-८ असा छापलेला असतो आणि तो वर दिलेल्या शेव्हरोलेच्या क्रमाहून अगदी वेगळा भासतो. पण शेव्हरोलेचे क्रमांक फोर्डच्या पद्धतीत बदलून मांडले तर दोन्ही क्रम हुबेहूब एकच निघतात. म्हणून आकड्यांची माळ कितीही पाठ असली तरी सिलिंडरच्या मोजणीचा आराखडा सोबत नसेल तर तिचा काही उपयोग नाही.

दुसरा टप्पा: क्रम शोधणे

सर्वांत विश्वासार्ह आधार त्या इंजिनाचे सर्व्हिस मॅन्युअल हाच आहे. अनेक इंजिनांत क्रम इनटेक मॅनिफोल्डवर, व्हॉल्व्ह कव्हरवर किंवा बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर दिलेला असतो. त्या इंजिनात पूर्वी बदल झालेला नाही ना, एवढी मात्र खात्री करावी.

यांपैकी काहीच हाताशी नसेल तर क्रम इंजिनाकडूनच काढून घेता येतो. व्हॉल्व्ह कव्हर काढावे, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा, बॅटरीची ऋण केबल सोडावी आणि सगळे स्पार्क प्लग काढून ठेवावेत, म्हणजे इंजिन हलके फिरते. आता क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश फिरवावे आणि फक्त इनटेक व्हॉल्व्हवर लक्ष ठेवावे. ज्या क्रमाने ते उघडतात तीच फायरिंग ऑर्डर असते, कारण प्रत्येक सिलिंडरमध्ये सक्शननंतर ज्वलनापर्यंतचे अंतर सारखेच असते. इनटेक व्हॉल्व्ह कोणता हे ओळखायला सोपे आहे. तो इनटेक मॅनिफोल्डच्या नळीच्या रेषेत असतो.

इंजिन फिरवण्याची दिशा आधी खात्रीने माहीत असावी. पुलीकडून पाहिल्यास बहुतेक इंजिने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, पण होंडाची कित्येक जुनी इंजिने उलट दिशेने फिरत. उलट फिरवल्यास इनटेक व्हॉल्व्हचा क्रम उलटा वाचला जाईलच, शिवाय काही इंजिनांत टायमिंग बेल्ट दात सोडण्याचा धोका असतो.

तिसरा टप्पा: पहिल्या सिलिंडरचा कॉम्प्रेशन टीडीसी

क्रँक पुलीवरची खूण आणि कव्हरवरची शून्याची रेघ जुळली म्हणजे पहिला पिस्टन वर आला, एवढेच कळते. ही जुळणी ७२० अंशांत दोनदा होते: एकदा कॉम्प्रेशन संपताना आणि एकदा एक्झॉस्ट संपताना. डिस्ट्रिब्युटर बसवताना होणाऱ्या घोळांपैकी बहुतेक या दोहोंतला फरक न तपासल्यामुळे होतात.

तो तपासण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट दाबून धरावा आणि मदतनीसाला पान्याने इंजिन फिरवायला सांगावे. इथे स्टार्टर वापरू नये. कॉम्प्रेशन सुरू झाले की हवा अंगठ्याला बाहेर ढकलते. तिथून पुढे सावकाश फिरवत पुलीची खूण जुळवावी. दुसरा मार्ग व्हॉल्व्ह कव्हर उघडे असेल तर अधिक पक्का आहे. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद असून टॅपेटमध्ये (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या भागात) किंचित हालचाल जाणवत असेल आणि त्याच वेळी चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत आणि इनटेक उघडत असेल, तर पहिला सिलिंडर कॉम्प्रेशन टीडीसीला आहे. पिस्टनची जागा पाहण्यासाठी प्लगच्या भोकातून काही घालायचेच असेल तर प्लास्टिकची लवचीक नळी घालावी. स्क्रू ड्रायव्हर तिरका अडकला तर पिस्टनचा माथा किंवा प्लगच्या भोकाचे आटे खराब होतात.

चौथा टप्पा: वायरी आणि कॉइल जोडणे

डिस्ट्रिब्युटर असलेल्या इंजिनात, पहिला सिलिंडर कॉम्प्रेशन टीडीसीला ठेवून डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडावी. रोटरचे, म्हणजे कॅपखाली फिरणाऱ्या भागाचे, टोक ज्या टर्मिनलकडे पाहते ते पहिल्या सिलिंडरचे. आता रोटर कोणत्या दिशेने फिरतो ते पाहावे. त्याची दिशा क्रँकशाफ्टसारखीच असेल असे गृहीत धरू नये, कारण ती गिअरच्या रचनेवर अवलंबून असते. कॅप उघडी ठेवून पान्याने इंजिन थोडे फिरवले की दिशा लगेच कळते. त्याच दिशेने पुढच्या टर्मिनलपासून ३, ४ आणि २ अशा वायरी लावाव्यात. डिस्ट्रिब्युटर कॅमच्या गतीने फिरत असल्याने चार सिलिंडरच्या कॅपमधली टर्मिनल ९० अंशांवर, सहाची ६० वर आणि आठची ४५ अंशांवर असतात.

नुसत्या वायरी बदलायच्या असतील तर वरचा खटाटोप टाळण्याचा सरळ उपाय म्हणजे एका वेळी एकच जुनी वायर काढून तिच्या जागी तेवढ्याच लांबीची नवी लावणे. सगळ्या एकदम काढायच्याच असतील तर प्रत्येकीला आधी चिकटपट्टीवर क्रमांक लिहून लावावा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा. वायरींची मांडणीही महत्त्वाची आहे. शेव्हरोलेच्या वरच्या क्रमात ५ नंतर लगेच ७ पेटतो आणि हे दोन्ही सिलिंडर एकाच बाजूला शेजारी आहेत. त्यांच्या वायरी लांबवर एकमेकींना चिकटून समांतर गेल्या, तर पाचव्याच्या वायरीतील उच्च दाबाची वीज सातव्याच्या वायरीत ठिणगीएवढा दाब निर्माण करू शकते आणि सातवा सिलिंडर वेळेआधी पेटतो. उपाय साधा आहे: या दोन वायरींमध्ये अंतर ठेवावे किंवा त्या काटकोनात ओलांडतील अशा न्याव्यात.

डिस्ट्रिब्युटर नसलेल्या बऱ्याच इंजिनांत एक कॉइल दोन जोडीदार सिलिंडरांना एकाच वेळी ठिणगी देते. १ आणि ४ ला एक कॉइल, २ आणि ३ ला दुसरी. एका सिलिंडरमध्ये ती ठिणगी मिश्रण पेटवते आणि दुसऱ्यात एक्झॉस्टच्या शेवटी पडून वाया जाते. या रचनेत १ आणि ४ च्या वायरींची आपसात अदलाबदल झाली तरी इंजिन नेहमीसारखे चालते, कारण ठिणगी दोघांनाही एकाच क्षणी मिळते. मात्र १ ची वायर ३ ला गेली तर दोन्ही सिलिंडरांत ठिणगी १८० अंशांनी चुकते.

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर क्रम ईसीयू पाळते. पिस्टन कुठे आहे हे तिला क्रँक सेन्सरकडून कळते, पण तो कॉम्प्रेशनला आहे की एक्झॉस्टला हे कॅम सेन्सर सांगतो. इथे गडबड होण्याची जागा म्हणजे कॉइलचे विजेचे कनेक्टर. हार्नेसच्या शाखा साधारण आपापल्या सिलिंडरपर्यंतच पोहोचतील अशा लांबीच्या असतात, पण शेजारच्या दोन कनेक्टरांची अदलाबदल तरीही होऊ शकते, म्हणून तेही काढण्यापूर्वी खूण करून ठेवावेत.

पाचवा टप्पा: चुकलेला क्रम लक्षणांवरून ओळखणे

समजा, डिस्ट्रिब्युटरवर १ आणि ३ च्या वायरींची अदलाबदल झाली आहे. मघाचा तक्ता समोर घ्या. पहिल्यासाठी ० अंशाला निघालेली ठिणगी तिसऱ्यात पडते. त्या वेळी तिसरा पिस्टन तळाशी असून कॉम्प्रेशन नुकते सुरू होत असते आणि इनटेक व्हॉल्व्ह अजून पुरता मिटलेला नसतो. ताजे मिश्रण तिथेच पेटते आणि ज्वाला इनटेककडे उसळते. दुसरीकडे, तिसऱ्यासाठी १८० अंशांना निघालेली ठिणगी पहिल्यात पडते. तिथे न पेटलेले मिश्रण घेऊन पिस्टन खाली आलेला असतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडलेला असतो, म्हणून ते पेटलेच तर सायलेन्सरच्या वाटेने फटाका वाजतो. इनटेककडून भडका आणि सायलेन्सरमधून फटाके ही दोन्ही लक्षणे सोबत दिसली आणि इंजिन दोनच सिलिंडरवर कसेबसे हलत असेल, तर सर्वप्रथम वायरी तपासाव्यात.

सगळ्याच वायरी जोडीदार सिलिंडरांशी अदलून लागल्या असतील, म्हणजे डिस्ट्रिब्युटर एक्झॉस्ट टीडीसीवर बसवला गेला असेल, तर इंजिन सुरूच होत नाही. ठिणगी दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असताना पडते, त्यामुळे कार्ब्युरेटरमधून फुसफुसाट किंवा भडका येतो आणि कॉम्प्रेशनच्या शेवटी मात्र काहीच घडत नाही. अशा वेळी वायरी एकेक उचकटत बसण्यापेक्षा तिसऱ्या टप्प्याकडे परत जावे.

क्रम चुकलेला असताना स्टार्टर सतत मारत राहणे किंवा इंजिन तसेच चालवणे टाळावेच. न जळलेले इंधन एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटते आणि त्याच्या आतली जाळी वितळू शकते. तो भाग महाग असतो आणि बदलण्यावाचून इलाज नसतो.

वायरी बरोबर असूनही इंजिन मिसिंग करत असेल तर स्कॅनर लावावा. पी ०३०१ हा कोड पहिल्या सिलिंडरचा मिसफायर, म्हणजे तो नीट न पेटणे, सांगतो, पी ०३०२ दुसऱ्याचा, आणि पुढेही तसेच. पी ०३०० म्हणजे मिसफायर एका सिलिंडरपुरता मर्यादित नाही. सहसा क्रँकशाफ्टच्या गतीतला क्षणिक खंड मोजून, तो खंड फायरिंग ऑर्डरमधल्या कोणत्या सिलिंडरच्या पाळीला आला यावरून ईसीयू हे ठरवते. पी ०३०२ आला असेल तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवावी, कनेक्टर मात्र आपापल्या सिलिंडरच्या जागीच ठेवावेत. कोड पुसून इंजिन चालवल्यावर पी ०३०३ आला तर दोष कॉइलमध्ये आहे. पी ०३०२ च कायम राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन किंवा वायरिंग पाहावे.

टॅपेट सेटिंगसाठी फायरिंग ऑर्डरचा वापर

टॅपेटचा गॅप मोजताना त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद असावे लागतात. ती स्थिती जोडीदार सिलिंडरकडे पाहून नेमकी सापडते: एका सिलिंडरचे व्हॉल्व्ह झुलत असतील, म्हणजे एक्झॉस्ट मिटत आणि इनटेक उघडत असेल, तेव्हा त्याचा जोडीदार कॉम्प्रेशन टीडीसीला असतो. म्हणून १-३-४-२ मध्ये चौथ्याचे व्हॉल्व्ह झुलताना पहिल्याचे टॅपेट सेट करावेत, मग पुलीचा अर्धा फेरा देऊन दुसऱ्याचे झुलताना तिसऱ्याचे, पुन्हा अर्ध्या फेऱ्याने पहिल्याचे झुलताना चौथ्याचे आणि शेवटी तिसऱ्याचे झुलताना दुसऱ्याचे. सहा सिलिंडरमध्ये हीच पद्धत दर वेळी १२० अंश फिरवून वापरावी. गॅपचे माप आणि ते थंड इंजिनावर घ्यायचे की गरम, हे मॅन्युअलप्रमाणेच ठेवावे.

डिझेल इंजिनाबद्दल थोडे

डिझेलमध्ये ठिणगी नसते. तिची जागा इंधनाची फवारणी घेते आणि क्रमाचे तर्कशास्त्र तेच राहते. जुन्या पंपावर पंपाच्या आउटलेटपासून इंजेक्टरपर्यंतच्या पोलादी नळ्या फायरिंग ऑर्डरप्रमाणे जोडलेल्या असतात. कॉमन रेल इंजिनात (जिथे सर्व इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन मिळते) हा क्रम ईसीयू इंजेक्टरांना देत असते. जुन्या इंजिनांवर चालू इंजिनात एकेक नळीचा नट सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते पाहण्याची पद्धत होती. कॉमन रेलवर ती कधीही वापरू नये: तिथे इंधनाचा दाब १,००० बारच्या वर जातो आणि बारीक फटीतून निघालेला झोत कातडी भेदून शरीरात शिरतो. अशी जखम वरून क्षुल्लक दिसली तरी तिला तातडीने शस्त्रक्रियेची गरज पडते.

पेट्रोल इंजिनावर काम संपल्यानंतर टायमिंग लाइटचा (ठिणगीच्या क्षणी चमकणाऱ्या दिव्याचा) क्लॅम्प एक नंबरच्या वायरीवर लावून आयडलिंगला पुलीची खूण मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशांवर दिसते का ते पाहावे. मग तोच क्लॅम्प चौथ्याच्या वायरीवर लावावा. जोडीदार सिलिंडर असल्याने खूण जवळपास त्याच जागी दिसली पाहिजे. २ आणि ३ च्या वायरींवर ती पुलीच्या बरोबर विरुद्ध बाजूला असते, म्हणून त्यांच्या तपासणीसाठी पुलीवर आधीच १८० अंशांवर खडूने दुसरी रेघ ओढून ठेवावी. ही खूण स्थिर न राहता मागेपुढे उडत असेल, तर क्रम बरोबर असूनही डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट झिजलेला किंवा टायमिंग चेन सैल असण्याची शक्यता असते, आणि ते दुरुस्त केल्याशिवाय टायमिंग पुन्हा जुळवू नये.